झाकलेला मंगळवार

आमच्या सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची एक अरुंद खोली. आत एक लोखंडी कपाट, टाकीच्या आणि गच्चीच्या चाव्यांची पाटी आणि टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर. तो मी आणलेला. मरोळच्या ज्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतो, तिथली जुनी मशीनं भंगारात निघाली होती. त्यातलं एक मी मागून घेतलं, त्यावर लिनक्स ही मोफत मिळणारी सिस्टीम घातली आणि चार कॅमेरे जोडले. एक गेटवर, एक पार्किंगमध्ये, एक मागे पंपाच्या बाजूला आणि एक जिन्याच्या तोंडाशी. बोरिवली पूर्वेला आमची चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, सोळा घरं. निम्मी घरं आमच्यासारखी कोकणातली. मला सेक्रेटरी केलं ते या मशीनमुळेच. कुणाच्या स्कूटरला ओरखडा आला, कुणाचं पार्सल गायब झालं, की माझ्या दारावरची बेल वाजायची. मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मशीनची मूळ डिस्क लहान होती. चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तिच्यात आठवडाभरही मावेना, म्हणून मी आत दुसरी, मोठी हार्ड डिस्क बसवली. पण लिनक्समध्ये नुसती डिस्क बसवून भागत नाही. मशीन चालू होताना ती डिस्क एखाद्या फोल्डरवर चढवावी लागते, त्याला माउंट करणं म्हणतात. रोज हाताने करायचं नसेल तर एका फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवायची, की ही डिस्क, या फोल्डरवर, चालू होताना आपोआप चढव.

ती ओळ मी एका रविवारी दुपारी, जेवायला हाका येत असताना लिहिली. प्रत्येक डिस्कला एक लांबलचक कायमचा क्रमांक असतो, तो लिहायचा मला कंटाळा आला. मशीनने तात्पुरतं दिलेलं आखूड नाव मी लिहून टाकलं. आणि ओळीच्या शेवटी एक शब्द जोडला. त्या शब्दाचा अर्थ असा, की डिस्क सापडली नाही तरी अडून बसू नकोस, तसंच पुढे चालू हो. नाहीतर मशीन काळ्या पडद्यावर थांबलं असतं आणि वॉचमनने मला ऑफिसात फोन केला असता. मला तो फोन नको होता. कंपनीत माझ्या हाताखालच्या कुणी अशी ओळ लिहिली असती तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

पहिल्या मजल्यावर एक काकी राहायच्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, एकट्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मुलुंडला, दर रविवारी यायचा. काकींचे गुडघे गेलेले होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला कापडी पिशवी घेऊन त्या दूध-कोथिंबीर आणायला निघायच्या आणि खालून तिसऱ्या पायरीवर दम खात बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, "खंय चललंस?" उत्तराची त्या वाट बघत नसत आणि आम्हीही ते देत नसू. कुणी मान हलवायचं, कुणी नुसतंच हसायचं. इतक्या वर्षांत तो प्रश्न आहे हेच आमच्या लक्षात राहिलं नव्हतं.

गेटवर नऊ वर्षं एकच वॉचमन होता. एजन्सीचा माणूस, जालन्याकडचा, पन्नाशीला आलेला. गेट, पंप, झाडांना पाणी, सगळं तोच बघायचा. कमी बोलायचा.

फेब्रुवारीत आमच्याकडे मीटर-बॉक्स बदलायचं काम निघालं. आठवडाभर लाइट कधीही जायची. सोमवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या एकाला पार्किंगमधली क्लिप हवी होती. त्याने पेनड्राइव्ह दिला, मी तो मशीनच्या मागे लावला, कॉपी करायला टाकलं आणि वर जेवायला गेलो. खाली परत जायचं राहूनच गेलं. मंगळवारी सकाळी लाइट गेली आणि तासाभराने आली. मशीन आपोआप चालू झालं. ऑफिसला निघताना मी आत डोकावलो. हिरवा दिवा लुकलुकत होता. मी दार ओढून घेतलं.

त्या दिवशी मला दाढ काढून घ्यायची होती. अर्धी सुट्टी टाकून मी स्टेशनजवळच्या डेंटिस्टकडे गेलो. दाढ वाकडी होती, तुकडे करून काढावी लागली. तोंडात कापसाचा बोळा, अर्धा चेहरा बधिर, आणि तासभर बोलायचं नाही असं बजावलेलं. रिक्षाने घरी आलो, तिसऱ्या मजल्यावर चढलो, गोळी घेतली आणि पंख्याखाली आडवा झालो. एवढंच मला आठवत होतं.

साडेसातला बायकोने हलवून उठवलं. ती आणि मुलगी नुकत्याच बाहेरून आल्या होत्या. म्हणाली, काकी जिन्यात पडल्या, डोक्याला मार लागलाय, चेअरमननी आणि वॉचमननी त्यांना रिक्षातून हॉस्पिटलमध्ये नेलं, तू होतास कुठे? मी जबड्याकडे बोट दाखवलं.

काकी शुद्धीवर आल्याच नाहीत. गुरुवारी पहाटे गेल्या.

बुधवारी संध्याकाळी मी खाली जाऊन तो पेनड्राइव्ह काढून ज्याचा त्याला दिला होता. गुरुवारी सकाळी, काकींना घेऊन गाडी आली त्याच सुमाराला, पुन्हा लाइट गेली आणि आली. पुन्हा हिरवा दिवा लागला. मी त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी चेअरमनच्या घरी आम्ही पाच-सहा जण बसलो. चेअरमन दुसऱ्या मजल्यावरचे, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले. काकींचा मुलगा आला होता. त्याला एकच गोष्ट कळत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, पडल्यावर बराच वेळ त्या तशाच असाव्यात. गेट जिन्यापासून वीस पावलांवर. मग कुणाला कळलं कसं नाही?

वॉचमनला बोलावलं. तो दारातच उभा राहिला, चप्पल बाहेर काढून. त्याने जे सांगितलं ते असं. काकी पाचच्या आधीच खाली येऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बरा दिसेना, म्हणून त्याने विचारपूस केली, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. त्या म्हणाल्या, मी बसते जरा, तू जा तुझ्या कामाला. लाइटच्या भानगडीत पंपाने हवा धरली होती, वरच्यांना पाणी नव्हतं, म्हणून तो मागे पंपाकडे गेला. पंप चालू होईना, वेळ लागला. परत येऊन बघतो तर काकी खाली पडलेल्या.

मुलगा ऐकत होता. मग माझ्याकडे वळला. "तुम्ही त्या दिवशी लवकर आला होतात ना? हा म्हणतो आई पाचपासून जिन्यात बसली होती."

मी सांगितलं, "मी पाच-सव्वापाचला वर गेलो. जिन्यात कोणी नव्हतं."

मी खोटं बोललो नाही. मला रिकामा जिना दिसत होता, डोळ्यांसमोर, अगदी स्पष्ट. कठड्यावर वाळत टाकलेलं पायपुसणंसुद्धा दिसत होतं.

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी अजून काही बोलेन अशी वाट बघितल्यासारखं. मग त्याने मान खाली घातली.

मुलगा म्हणाला, कॅमेरा आहे ना, बघून टाकू. आम्ही सगळे खाली त्या खोलीत गेलो. मी रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडला. रविवार होता, सोमवार होता आणि त्यानंतर थेट गुरुवार. मंगळवार-बुधवार नव्हताच. मी दोनदा बघितलं. मग सगळ्यांना सांगितलं, की मीटरच्या कामामुळे दोन दिवस मशीन बंद पडलं असणार. मी ते इतक्या सहज बोललो की कुणी पुढे विचारलं नाही. मंगळवारी सकाळी हिरवा दिवा मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता, आणि तरीही मी तेच म्हणालो.

वॉचमन दाराबाहेर उभा होता. मुलाने त्याला विचारलं, "कुठे होतास तू खरं सांग." त्याने आधीचंच पुन्हा सांगितलं, शब्द न बदलता. पाणी दिल्याचंही सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. सेक्रेटरी म्हणतो जिना रिकामा होता. मग काकी सव्वापाचनंतर आल्या, पडल्या, आणि हा कुठेतरी झोपा काढत होता, असं सगळ्यांच्या मनात पक्कं झालं. सोमवारी चेअरमननी एजन्सीला पत्र लिहिलं. खाली माझीही सही होती. बुधवारपासून गेटवर नवा माणूस आला.

जाताना तो माझ्याकडे पंपाच्या खोलीची चावी द्यायला आला होता. बायकोने घेतली. मी आत होतो.

त्यानंतर दोन महिने काही झालं नाही, असंच म्हणायला हवं. पण बिल्डिंगमध्ये काहीतरी बिघडलं होतं. माणसं जिन्यात थांबेनाशी झाली. संध्याकाळी मुलं तिसरी पायरी ओलांडून उडी मारायची. तो त्यांचा खेळ झाला होता आणि कुणी त्यांना ओरडत नव्हतं. काकींच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. आतला फ्रिज मुलगा बंद करायला विसरला होता बहुतेक, कारण दुपारी शांतता असली की दाराआडून तो सुरू झाल्याचा आवाज यायचा. मला तो तिसऱ्या मजल्यावरून ऐकू यायचा नाही, तरी वर जाताना मी कान देऊन चढायचो.

एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी दुपारी नव्या वॉचमनने सांगितलं, की कॅमेऱ्याचं चित्र अडकतंय. मी खाली गेलो. मशीनची मूळ लहान डिस्क जवळजवळ भरली होती. ते विचित्रच होतं, कारण रेकॉर्डिंग सगळं मोठ्या डिस्कवर जात होतं. लहान डिस्कवर फक्त लिनक्स आणि थोड्या किरकोळ फाइली. मी एकेका फोल्डरचा आकार बघत गेलो आणि बेरीज केली. डिस्क भरली होती नव्वद टक्के आणि फोल्डरांची बेरीज येत होती जेमतेम तीस. उरलेली जागा कशाने तरी व्यापली होती आणि ते काय आहे हे दिसत नव्हतं.

मला लगेच कळलं. वीस वर्षं हेच काम करतोय.

फोल्डरवर डिस्क चढली, की त्या फोल्डरात आधी जे काही असेल ते झाकलं जातं. पुसलं जात नाही, फक्त दिसेनासं होतं. मंगळवारी सकाळी लाइट आली तेव्हा मागे पेनड्राइव्ह लावलेला होता. त्यामुळे मशीनने नावं वाटताना मोठ्या डिस्कचं आखूड नाव पेनड्राइव्हला दिलं आणि डिस्कला दुसरं. माझी ओळ त्या आखूड नावावर गेली, तिथे डिस्क नव्हती, पेनड्राइव्ह होता, आणि त्याची आतली मांडणी वेगळी असल्याने तो चढू शकला नाही. मग मी लिहिलेल्या शेवटच्या शब्दाप्रमाणे मशीन न अडता, कुणाला काही न सांगता पुढे चालू झालं. डिस्क चढलीच नाही. पण फोल्डर होता, रिकामा, लहान डिस्कवरचा. दोन दिवस कॅमेरे त्यात रेकॉर्ड करत राहिले. गुरुवारी पेनड्राइव्ह नव्हता, नाव जागच्या जागी आलं, मोठी डिस्क त्या फोल्डरवर येऊन बसली आणि मंगळवार तिच्याखाली गेला. महिन्याभराने जुनं पुसणाऱ्या प्रोग्रामलाही तो सापडला नाही.

मी रेकॉर्डिंग थांबवलं, डिस्क उतरवली आणि तोच फोल्डर पुन्हा उघडला. आत दोन तारखा होत्या.

त्या उघडायच्या आधी मी ती ओळ दुरुस्त केली. डिस्कचा लांब क्रमांक एकेक अक्षर तपासून लिहिला. तो शेवटचा शब्द काढून टाकला. मशीन दोनदा बंद-चालू करून बघितलं. मग एकदा मुद्दाम पेनड्राइव्ह लावून बघितलं. यात पाऊण तास गेला. आत काय आहे ते बघायचं मी टाळतोय, हे मला करतानाच कळत होतं. शेवटी डिस्क पुन्हा उतरवली, मंगळवार उघडला आणि जिन्याचा कॅमेरा लावला.

चार वाजून बावन्न मिनिटांनी काकी येतात. पिशवी मांडीवर घेऊन तिसऱ्या पायरीवर बसतात. पाठ भिंतीला टेकवतात. पाच वाजून तीन मिनिटांनी वॉचमन येतो, वाकून काहीतरी विचारतो, जातो आणि बाटली घेऊन येतो. त्या दोन घोट पितात. तो उकिडवा बसून राहतो. त्या हाताने त्याला जा म्हणतात. तो उठतो, गेटच्या दिशेने बघतो, हात वर करतो आणि मागच्या बाजूला, चौकटीबाहेर जातो.

मग मी येतो.

निळा शर्ट, खांद्यावर बॅग, उजवा तळवा गालावर. आत येताना मी डावा हात वर करतो, चौकटीबाहेर कुणाला तरी. कुणाला ते मला तेव्हा समजलं नाही. काकी मान वर करतात. त्यांचे ओठ हलतात. त्या हात पुढे करतात, माझ्या शर्टाच्या बाहीपर्यंत. मी थांबतो. दोन सेकंद, फार तर तीन. गालाकडे बोट दाखवतो, मान हलवतो आणि भिंतीच्या बाजूने, त्यांच्या पिशवीवर पाय पडू नये म्हणून अंग चोरून, वर निघून जातो. पायपुसणं कठड्यावर नव्हतंच.

काकी माझ्याकडे बघत राहतात. मी केव्हाच दिसेनासा झालेलो असतो. पाच वाजून वीस मिनिटांनी त्या कठडा धरून उभ्या राहायला बघतात आणि एका कुशीवर खाली जातात. पिशवी पायरीवरच राहते. त्यानंतर एकवीस मिनिटं चित्रात काहीच हलत नाही. मी ती एकवीस मिनिटं पुढे ढकलली नाहीत. बसून बघितली. मग वॉचमन येतो, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि धावतो.

मी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावरही मला ते आठवलं नाही. समोर मी होतो, माझाच शर्ट, माझीच चाल, आणि डोक्यात अजून तो रिकामा जिना तसाच होता.

बायकोला खाली बोलावून दाखवलं. तिने क्लिप उभ्यानेच शेवटपर्यंत बघितली. मग म्हणाली, "तू त्या माणसाला खोटं पाडलंस रे." थोड्या वेळाने तिने विचारलं, की हे अजून कुणाला दिसू शकतं का. मी म्हटलं, नाही, परत झाकलं की कुणाला कळणारसुद्धा नाही. ती माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली की मी ते वाक्य बोललो नसतो तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मग चेअरमनना दाखवली, तर त्यांनी क्लिप अर्ध्यात थांबवायला सांगितली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाई गेल्या, त्यांच्या मुलाने मन कसंबसं सावरलंय, वॉचमनला कुठेतरी दुसरं काम लागलंच असेल. आता हे उकरून सोसायटीचं नाव खराब होईल, आणि तुझंही. "तू डिलीट करून टाक," ते म्हणाले, "मी बघितलंच नाही असं समजेन." आवाजात दमदाटी नव्हती, आपुलकी होती. तीच मला जास्त जड गेली. मी घरी येऊन क्लिपच्या दोन कॉपी केल्या.

पुढच्या रविवारी मी मुलुंडला काकींच्या मुलाकडे गेलो. हॉलमध्ये काकींचा फोटो होता, लग्नाच्या वेळचा असावा, ओळखू येत नव्हता. त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि ती मुलांना घेऊन आत गेली. मी लॅपटॉप उघडायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. माझं सांगणं चुकीचं होतं, वॉचमन खरं बोलत होता, आणि मी तिथे होतो. मग त्याने क्लिप बघितली. आई दिसल्यावर त्याने पडद्याच्या कडेला बोट टेकवलं आणि ते तसंच ठेवलं. मी आलो, थांबलो, गेलो. त्याने तेवढाच भाग मागे घेऊन पुन्हा लावला. पुन्हा घेतला.

"काय म्हणाली ती?"

"आवाज रेकॉर्ड होत नाही," मी म्हटलं.

"तुम्ही होतात ना तिथे."

मला काही आठवत नाही, हे मी त्याला सांगितलं. नेहमीचं खंय चललंस असेल, असं तोंडावर आलं होतं. बोललो नाही. नेहमीच्या प्रश्नाला त्या कुणाची बाही धरायला जात नसत.

त्याने क्लिप थांबवली. मग म्हणाला, वॉचमनला काढा असं मीच चेअरमनला फोन करून सांगितलं होतं, दोनदा. त्याने फाइल ठेवून घेतली. दारापर्यंत आला. चप्पल घालत असताना म्हणाला, "परत येऊ नका." शांतपणे, कुणाला रस्ता सांगावा तसं.

वॉचमनचा पत्ता एजन्सीने सहज दिला नाही. त्यांचा सुपरवायझर फोनवर म्हणाला, तुमच्याच सोसायटीची लेखी तक्रार आहे त्याच्या नावावर, म्हणून राहत्या बिल्डिंगा त्याला देत नाही, गोडाऊनवर टाकलाय. विक्रोळीला, खाडीच्या बाजूला. मी रजा टाकून गेलो. हायवेवरून आत वळल्यावर रस्ता संपेपर्यंत एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी. एका बंद कंपनीचं जुनं गोडाऊन, पत्र्याचं मोठं गेट, शेजारी ताडपत्रीचा आडोसा, एक टेबल, एक खुर्ची. दुपारचे बारा वाजले होते आणि चिखलाचा वास येत होता. माणूस म्हणून तिथे तो एकटाच होता.

मला बघून तो उठला. "बसा साहेब." खुर्ची एकच होती. मी बसलो नाही.

नऊ वर्षं मी त्याला अरे-तुरे करत आलो होतो. त्या दिवशी तोंडातून तुम्ही आलं, आणि ते त्यालाही ऐकू आलं. मी त्याला मोबाइलवर क्लिप दाखवली. त्याने खिशातून चष्मा काढला, बघितली आणि मोबाइल परत दिला. त्याला त्यात नवीन काहीच नव्हतं.

मी विचारलं, "मी आत येताना हात वर केला, तो कुणाला?"

"मला," तो म्हणाला. "तुम्ही गेटातून येताना मी बघितलं. म्हणलं, साहेब आलेत, आता काळजी नाही. हात करून दाखवलं तुम्हाला, काकी बसल्यात, जरा बघा. तुम्ही हात वर केला. म्हणून मी पंपाकडं गेलो."

पलीकडे खारफुटीत कुत्री भुंकत होती. मी विचारलं, की त्या रविवारी सगळ्यांसमोर हे का सांगितलं नाहीत.

"तुम्ही म्हणालात कोणी नव्हतं. मला वाटलं, आता आठवेल तुम्हाला, आता आठवेल." त्याने चष्मा घडी करून खिशात ठेवला. "नाही आठवलं. मग मी म्हणलं असतं, साहेब खोटं बोलतेत, तर कुणी ऐकलं असतं?"

मी त्याला परत या म्हटलं, मी कमिटीशी भांडेन म्हटलं. तो नको म्हणाला. कारण सांगितलं नाही. पण पत्र असेल तर द्या, म्हणाला, एजन्सीच्या नावाने. तक्रार निघाली तर निदान बिल्डिंगीची ड्युटी मिळेल. इथे बारा तास बोलायला कुणी नसतं, आणि संडासला जायचं तर गेट सोडावं लागतं.

पत्र मी घरूनच छापून आणलं होतं, सोसायटीच्या लेटरहेडवर. त्याने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं: सदर तक्रार ही गैरसमजातून झालेली असून सोसायटी ती मागे घेत आहे.

"गैरसमज नव्हता साहेब," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं. तसं लिहा."

माझ्या बॅगेत एक कोरं लेटरहेड होतं. मी त्याच्या टेबलापाशी वाकून, उभ्याउभ्या, हाताने पत्र लिहिलं. माझ्या चुकीच्या सांगण्यावरून, असं लिहिलं. खाली सही केली, सेक्रेटरी. कागद वाऱ्याने उडत होता, तो त्याने एका बाजूने दाबून धरला होता. लिहून झाल्यावर त्याने पुन्हा चष्मा लावला आणि एकेक शब्दावर बोट ठेवत स्वतः वाचलं. घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

बाहेर एक टेम्पो येऊन हॉर्न वाजवायला लागला. तो गेट उघडायला गेला. पत्र्याचं पान जड होतं, खाली घासत होतं, त्याला ते खांद्याने रेटावं लागत होतं. मी दुसऱ्या बाजूने हात लावायला पुढे झालो. त्याने मानेनेच मला बाजूला व्हायला सांगितलं, टेम्पोवाला गाडी मागे घेणार होता.